धाकट्यासाठी दोन मोटरी

४ फेब्रुवारी, रविवार

मैदान गेलं. म्हणजे अजून आहे, पण गेल्यात जमा. मास्तरांनी आज सगळ्यांना झाडाखाली गोळा करून सांगितलं, की एकतीस मार्चचा रविवार शेवटचा. दुसऱ्या दिवसापासून गोदामांचा पाया खणणार. मास्तर म्हणजे आमचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मैदानाच्या फाटकाची किल्ली वीस वर्षं त्यांच्याच खिशात असते. बोलता बोलता त्यांनी ती तीनदा या खिशातून त्या खिशात टाकली. एकानं विचारलं, "मग आता विमानं उडवायची कुठं?" मास्तर म्हणाले, "गच्चीवर पतंग उडवा." हसलं कोणीच नाही.

घरी आल्यावर ही वही काढली. एरवी मी हिच्यात लाकडाची मापं नि फोमचे हिशेब लिहितो. आज मनातलं लिहितोय, कारण बोलायला कोणी उरलेलं नाही.

रिमोटची विमानं मी बांधतो, उडवता मला येत नाही. उगाच लपवाछपवी कशाला? आयुष्यात सात विमानं मी स्वतः उडवली आणि सातही गोणीत भरून घरी आणली. बांधायचं मी आणि उडवायचं धाकट्यानं, हा आमचा वीस वर्षांचा रिवाज. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. मैदान त्याला 'घार' म्हणतं. माझ्या हातचं वेडंवाकडं विमानसुद्धा त्याच्या हातात शहाण्यासारखं वागायचं.

आणि गेल्या ऑगस्टपासून या घारीनं मैदानाचं तोंड पाहिलेलं नाही. सगळी विमानं लोकांना देऊन टाकली, त्यातली चार माझ्या हातची. मला एका शब्दानं विचारलं नाही. फोन केला तर "वेळ नसतो दादा." चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, बारीक बारीक स्क्रू पिळायचा. आता त्याला काउंटरवर बसवलंय म्हणे. साहेब झाला, मग आता भावाची विमानं कशाला लागतील?

पण एक ठरवलंय. पंधरा वर्षं तो माझ्या मागे लागला होता, "दादा, एकदा दोन मोटरींचं कर ना." मी टाळत आलो. एका मोटरीनं नाकी नऊ येतात, दोन कोण सांभाळणार? आता करतो. एकतीस मार्चला त्यानं ते माझ्यासमोर एकदा उडवावं, बस. नाही आला तर आमचं जे काही होतं ते संपलं असं समजायचं. येणार नाहीच तो. तरी करतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मी पॅकिंगच्या फोमच्या कारखान्यात कापणीवर आहे. फ्रिजच्या कोपऱ्यांना जे पांढरं बसवतात ते आम्ही कापतो. आज सुपरवायझरला सांगून दोन चांगल्या पाट्या बाजूला काढल्या. तो म्हणाला, "या वयात खेळणी?" मी म्हणालो, "या वयातच. लहानपणी कोणी दिली नाहीत." पाट्या त्यानंच उचलून दिल्या.

माझी तार घरी आहे, ती कारखान्यातल्यापेक्षा चांगली कापते. लाकडी धनुष्याला ताणलेली एक तार, वीज दिली की तापते, आणि मग फोम लोण्यासारखा कापला जातो. गेली बावीस वर्षं हीच वापरतोय. पंखांची मापं काढली, टोकापासून टोकापर्यंत एक मीटर चाळीस. वजन सव्वा किलोच्या आत ठेवायचंय.

मोटरींचा घोळ आहे. हॉबीवाल्याच्या दुकानात दोन प्रकार मिळतात. एक व्होल्टला चौदाशे फेरे घेणारी, ती छोट्या प्रॉपेलरवर सुसाट पळते. दुसरी हजार फेऱ्यांची, मोठा प्रॉपेलर संथ फिरवते. मी चौदाशेवाल्या दोन आणल्या. घार आहे तो, त्याला बैलगाडी देऊन कसं चालेल?

११ फेब्रुवारी, रविवार

धाकटा आला! खरं तर मी बोलावलं नाही, हिनं परस्पर जावेला फोन केला. मला म्हणते, "तुम्ही दोघं मांजरासारखे भिंतीच्या दोन बाजूंना बसा. मी काय तेवढंच बघत बसू?"

विमानाचा सांगाडा टेबलावर होता. तो आला, उभा राहिला, बघत राहिला. एक हात पँटच्या खिशात. आल्यापासून जाईपर्यंत तो हात खिशातून निघाला नाही. काउंटरवर बसल्यापासून लागलेली साहेबी सवय. चेहऱ्यावर आनंद नाही की राग नाही, नुसती भिंत. मी म्हणालो, "दोन मोटरींचं आहे." तो म्हणाला, "दिसतंय."

"हात लावून बघ की."

"नको, चांगलं झालंय."

नाकानं कांदे सोलणं आणखी काय वेगळं असतं? पूर्वी यायचा तेव्हा आधी विमान उचलायचा, मग चपला काढायचा.

हिनं चहा दिला, तर म्हणे, "वहिनी, अर्धाच." तोही टेबलावर ठेवून थंड होऊ दिला. मी हात धुऊन आलो तेव्हा दोन्ही हातांनी कप धरून पीत होता. म्हटलं, "थंडी वाजते का रे?" म्हणाला, "हो, जराशी." फेब्रुवारी अर्धा होत आला, आम्ही पंखा लावून बसलोय आणि याला थंडी वाजतेय.

निघताना विचारलं, "एकतीसला उडवशील ना?"

त्यानं परत एकदा सांगाड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सेटिंग मी सांगेन तसं करशील?"

"करीन."

"मग बघू."

'बघू' म्हणजे आमच्या घरात 'नाही'. तरी मला बरं वाटलं. का वाटलं कोण जाणे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मोटरींची ताकद मोजली. पट्टीला मोटर बांधून ती हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टेकवायची, प्रॉपेलर फिरवायचा आणि किती ग्रॅम दाबते ते वाचायचं. डावी सहाशे चाळीस, उजवी सहाशे दहा. म्हणजे एकाच डब्यातून आलेल्या जुळ्या बहिणी, आणि त्यांच्यातही तीस ग्रॅमची तफावत. विमान उजवीकडे ओढणार. प्रॉपेलरच्या वाऱ्यानं पीठ उडालं आणि ही नखशिखान्त पांढरी झाली. म्हणाली, "हा काटा उद्यापासून तुमचाच. वरणाची डाळ मी डोळ्यांनी मोजते." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असं तीच म्हणाली.

मग मला म्हणते, "भावजींची तब्येत बरी वाटली नाही मला." म्हटलं, तब्येतीला काय धाड भरलीय? सावलीत बसून कामं करतोय. 

२० फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्याची बायको संध्याकाळी येऊन एक चिठ्ठी देऊन गेली. उभ्याउभ्याच आली, बसली नाही. "दादा, त्यांनी दिलंय." चिठ्ठी त्याच्याच हातची, पण अक्षर काय! सुरुवातीला मुंगीएवढं आणि शेवटच्या ओळीपर्यंत मुंगीच्या पायाएवढं. कागद वाचवतोय की माझे डोळे तपासतोय? याच्याच दुकानातून नवा चष्मा घ्यावा लागणार. भिंग लावून वाचलं आणि इथं उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मी विसरलो असं व्हायला नको.

मोटरी हजार फेऱ्यांच्याच घे. प्रॉपेलर दहा इंची, एक सुलटा आणि एक उलटा फिरणारा. मागचं उभं शेपूट घट्ट चिकटव, हलणारं नको. वळवायचं ते मोटरींनीच, म्हणजे डावी दांडी उजवीकडे नेली की डावी मोटर जोरात आणि उजवी हळू, एवढं कर. पंख टोकांना चांगले वर उचल, चार बोटं नाही, सहा. उजव्या दांडीला साठ टक्के एक्स्पो. पंखांमागच्या पट्ट्यांची कमीतली कमी हालचाल. मैदानावर बसायला खुर्ची.

डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षांच्या पोराला पहिलं विमान देतात ना, अगदी तसं मागितलंय. टोकांना उचललेले पंख म्हणजे हात सोडला तरी आपोआप सरळ होणारं विमान. एक्स्पो म्हणजे रिमोटची दांडी मधल्यामध्ये हलली तर विमान लक्षच देत नाही, टोकाला नेली तरच ऐकतं. नवशिक्याचा अंगठा थरथरतो म्हणून ठेवतात ते. याचा अर्थ सरळ आहे. माझ्या बांधणीवर विश्वास नाही. वर खुर्ची! तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणार.

ही म्हणाली, "तो येतोय ना? मग करा सांगितलेलं." कबूल. दुकानात जाऊन मोटरी बदलून आणल्या. दुकानदार म्हणाला, "या संथ मोटरी कोणासाठी?" मी खोटं बोललो. म्हणालो, माझ्यासाठी.

२ मार्च, शनिवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एक मोटर उलटी फिरवायची तर तिच्या तीन तारांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, सोपं आहे. केलं. पण प्रॉपेलर बदलायचा विसरलो. मोटर उलटी आणि प्रॉपेलर सुलटा, म्हणजे डावी बाजू पुढे ढकलतेय नि उजवी मागे. विमान टेबलावर गरागरा फिरलं, चहाचा कप, स्केल, माझा चष्मा सगळं जमिनीवर. चष्म्याची एक दांडी निखळली.

चष्मा घेऊन धाकट्याच्या दुकानात गेलो. म्हटलं एवढा स्क्रू पिळून दे, दोन मिनिटांचं काम. त्यानं चष्मा हातातसुद्धा घेतला नाही. आतल्या माणसाला हाक मारली, "यांचं बघ रे." यांचं! सख्ख्या भावाला 'यांचं'. आतल्यानं चष्मा नेला तेव्हा धाकटा काउंटरच्या काचेकडे बघत होता. मी काहीच बोललो नाही. वाटेत मात्र सगळं बोललो, एकटाच.

कशासाठी करतोय हे? चाळीस रात्री काढल्या तरी त्याच्या तोंडून 'दादा, झकास' एवढं निघणार नाही.

१० मार्च, रविवार

मैदानावर गेलो होतो. पाच जण आले होते. पलीकडच्या रस्त्यापासून गोदामांचे खांब आणून टाकलेत. आता अगदी मैदानाच्या कडेपर्यंत आलेत.

आज दोन्ही मोटरी एकत्र चालू झाल्या. आधी एक लवकर उठायची, दुसरी मागून. दोघींना एकाच वेळी रिमोटची खालची नि वरची मर्यादा शिकवली, मग जमलं. एका सुरात आवाज येतो, मोठा प्रॉपेलर, संथ, जाड आवाज. आता मोजल्या तर डावी आठशे दहा, उजवी आठशे पाच. दोघी मिळून विमानाच्या वजनापेक्षा जास्तच ओढतात. हजार फेऱ्यांचं त्याचं बरोबर होतं, हे मान्य करायला लागेल. त्याच्यासमोर नाही करणार.

१६ मार्च, शनिवार

विमान पुरं झालं. रंग नाही दिला, वजन वाढतं. पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून उचललं तर जराही पुढे-मागे झुकत नाही. बावीस वर्षांत असं एकही जमलं नव्हतं. आणि आपल्याला चांगलं जमतं तेव्हा मैदानच उरत नाही.

२३ मार्च, शनिवार

धाकटा सेटिंगसाठी आला. पायांत चिकटपट्टीचे बूट, लहान पोरांचे असतात तसले. म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "लवकर होतं."

रिमोट मी धरला, बटणं मी दाबली, आकडे त्यानं सांगितले. साठ एक्स्पो झाला. हालचाल निम्मी केली. मोटरींनी वळवायचं डाव्या दांडीवर घातलं आणि ते मात्र त्यानं जोरदार ठेवायला लावलं. मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला? वळवायला उजवी दांडी आहे की." तो म्हणाला, "असू दे."

मग म्हणाला, "दादा, जरा पाणी आणतोस?" पाणी आणायला दोन मिनिटं गेली असतील. परत आलो तर रिमोट त्याच्या मांडीवर होता आणि तो विमानाच्या पंखांकडे बघत होता. पंखांमागच्या पट्ट्या किंचित हलल्यासारख्या वाटल्या, पण तोवर त्यानं हात काढून घेतला. म्हणाला, "साठ कमी पडतंय. ऐंशी कर."

ऐंशी!  केलं. त्याच्यासमोर पाण्याचा पेला तसाच राहिला.

जाताना मात्र विमानाच्या नाकावर डाव्या हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाला, "दादा, मला वाटलं नव्हतं तू खरंच करशील."  मला वाटलं, चला, बर्फ वितळला. रात्री जेवणात दोन घास जास्त गेले.

३० मार्च, शनिवार

उद्या.

सकाळी विमान मैदानावर नेऊन मोटरी चालवून बघितल्या. मास्तर होते, आणखी दोघं-तिघं. एकानं रिमोटची स्क्रीन बघितली आणि खो खो हसला. "ऐंशी एक्स्पो? अहो, हे तर पोराच्या पहिल्या विमानाचं सेटिंग! घार काय म्हातारी झाली काय?" दुसरा म्हणाला, "खुर्चीपण सांगितलीय म्हणे. उद्या काठी घेऊन येईल." मास्तरांनी दोघांना गप्प केलं, पण हसू त्यांच्याही ओठांवर होतं.

मला राग आला. राग धाकट्याचा नव्हता, त्याच्यासाठी होता. आठ महिने बाहेर राहिला, आत्मविश्वास गेला असेल. होतं माणसाचं. पण शेवटच्या रविवारी, सगळ्या मैदानासमोर, माझ्या भावाला नवशिक्या म्हणून हसायचं? मी उभा असताना?

दुपारी घरी येऊन माझ्या जुन्या रिमोटमध्ये त्याची जुनी नोंद काढली. 'घार' नावानंच ठेवली होती. स्पर्धा जिंकायचा तेव्हाचे आकडे आहेत. एक्स्पो शून्य, हालचाल पूर्ण. दांडी केसभर हलली तरी विमान केसभर हलणार. तेच आकडे नव्यात भरले. मोटरींनी वळवायचं तेही काढून टाकलं, कुबडी कशाला? एकच हात पुरे होता त्याला, असा उडवायचा.

त्याला सांगणार नाही. उद्या हातात दांडी आली की त्याला आपोआप आठवेल तो कोण होता. माझ्याकडून भेट.

हिला सांगितलं. ती भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "विचारलंत का त्यांना?" म्हटलं, भेट विचारून देतात का?

३१ मार्च, रविवार

जमेल तेवढं लिहितो.

पंचवीसेक माणसं होती. नऊ वाजता धाकटा बायकोबरोबर आला. ती खुर्ची घेऊन आली होती. तो बसला, रिमोटचा पट्टा तिनं त्याच्या गळ्यात घातला. मी म्हटलं, बायको पट्टा घालते, थाट बघा! तसं मोठ्यानं म्हणालोही. लोक हसले. त्यानंही हसल्यासारखं केलं.

त्यानं विचारलं, "दादा, जसं ठरलं तसंच आहे ना?"

मी म्हणालो, "अगदी तुझं आहे तसं."

विमान मी घेतलं, वाऱ्याच्या दिशेनं चाळीस पावलं गेलो. दोन्ही मोटरी एका सुरात लागल्या. मी फेकलं. हातातून निघालं ते सरळ वर गेलं. मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि मग ते थरथरायला लागलं.

डावा पंख खाली, उजवा खाली, डावा, उजवा. सेकंदाला चार-पाच वेळा. पुढं जात होतं, पण थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखं. मागून कोणी ओरडलं, "सर्वो सैल आहे!" मलाही तेच वाटलं. वाटलं पट्टी हलवणाऱ्या त्या इवल्या मोटरीचा स्क्रू मी नीट पिळला नाही. माझीच चूक असणार, नेहमीसारखी. धावत त्याच्याकडे आलो. "काय होतंय रे? सोड दांडी जरा, तारेत काहीतरी—"

तेव्हा त्याचा अंगठा दिसला.

वर पंख हलत होता, खाली अंगठा हलत होता. एका ठेक्यात. मी वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. माझ्या मागे मास्तर उभे होते, तेही तेच करत होते. मग सगळेच.  पंचवीस माणसं, आणि नुसता मोटरींचा आवाज.

धाकट्यानं डाव्या अंगठ्यानं दांडी उजवीकडे ढकलली. परत ढकलली. टोकापर्यंत. काही झालं नाही. माझ्याकडे बघितलं. "दादा, मोटरी वळवत नाहीयेत."

"काढलं ते मी." मी म्हणालो. "एक्स्पोपण. तुझं जुनं घातलं."

तो एवढंच म्हणाला, "असं होय."

मग त्यानं उजवा हात दांडीवरून उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. त्याक्षणी विमान शांत झालं. टोकांना उचललेल्या पंखांनी स्वतःला सावरलं आणि ते सरळ जायला लागलं, मैदान ओलांडून, रस्त्याकडे. मास्तर पुढं आले, हात पसरून म्हणाले, "द्या इकडे, मी वळवतो, द्या." धाकट्यानं मान हलवली. रिमोट छातीशी धरला.

"दादा, बघ ना," तो म्हणाला. "किती सरळ जातंय. कुणाचा हातसुद्धा नाही."

रस्ता ओलांडल्यावर डाव्या अंगठ्यानं त्यानं मोटरी हळूहळू कमी केल्या. पलीकडे गोदामांसाठी रचलेल्या पत्र्यांमागे ते उतरलं. आवाज झाला नाही.

मी शोधायला गेलो. एकटाच. तास-दीड तास खांबांच्या ढिगांत, पत्र्यांच्या मागे, गटारात बघितलं. सापडलं नाही. खरं सांगायचं तर परत यायची हिंमत होत नव्हती.

आलो तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. लोक निरोप न घेता गेले. मास्तर फाटकापाशी पाठ करून उभे. धाकटा खुर्चीत तसाच, त्याची बायको गवतात बसलेली. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "अरे, सांगायचंस ना मला. एकदा तरी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी सावकाश म्हणाला, "सांगितलं की रे. मोटरी कुठल्या, पंख किती वर, एक्स्पो किती. आणखी कसं सांगतात दादा?"

२ एप्रिल, मंगळवार

काल कामावर गेलो नाही. विमानाचा पत्ता नाही. आज मैदानावरून जाऊन आलो, खोदकाम सुरू झालंय.

धाकटा फोन घेत नाही. घेऊ नये हेच बरोबर. ज्यानं आठ महिने खिशात हात घालून, थंड चहा पिऊन, सगळ्या जगापासून एक गोष्ट लपवली, त्याची ती गोष्ट मी पंचवीस माणसांना आभाळात दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं हात त्याचा होता आणि दाखवला मी. त्या अंगठ्याचा ठेका डोक्यातून जात नाही. जेवताना, अंघोळ करताना, सगळीकडे तोच.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीत होता, दार लोटलेलं. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. बाहेरच बसलो, दोन लाकडी खुर्च्यांवर, अनोळखी माणसांसारखे. मी विचारलं, "केव्हापासून?"

"जुलैत कळलं, कंपवात आहे. हा आजार वाढतच जातो म्हणाले. औषधानं थोडं दबतं, जात नाही. दुकानात सांगावंच लागलं, म्हणून काउंटर."

"मग मलाच का नाही? मी कोण परका होतो?"

तिनं बंद दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला तर अजिबात सांगायचं नाही असं बजावलं होतं त्यांनी. शपथ घातली होती. म्हणाले, दादाला कळलं की मी उडवू शकत नाही, तर तो बांधणं सोडून देईल. विमानं सोडली तर त्याच्याकडे दुसरं आहे काय? त्याचं चालू राहू दे, म्हणाले."

पेला हातातच राहिला. दाराआड तो जागा होता, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

तार, धनुष्य, उरलेला फोम, सगळं मी सकाळीच भंगारवाल्याच्या गाडीत टाकून आलो होतो.